पाचच व्होल्ट का?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. ज्वालामुखी, पवनचक्क्या, ठिबक सिंचनाच्या प्रतिकृती असे पाहत पाहत शेवटच्या टेबलापाशी पोहोचलो. तिथे नववीतली एक मुलगी साबणाची प्लॅस्टिकची डबी घेऊन उभी होती. डबीत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ७८०५ या क्रमांकाचा तीन पायांचा आयसी, दोन छोटे कपॅसिटर आणि एक यूएसबी सॉकेट होते. शेतावर वस्तीला जाणाऱ्यांसाठी हा खिशातला चार्जर आहे, असे तिने पुठ्ठ्यावर लिहिले होते. तिने वडिलांचा फोन जोडला आणि पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुण देण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटांनी आम्ही पुन्हा तिथे आलो, तेव्हा ती खूण नाहीशी झाली होती. आयसी चटका बसेल इतका तापला होता आणि फोनची बॅटरी जेमतेम एक-दोन टक्क्यांनी भरली होती. मुलीचा चेहरा उतरला होता, तरी तिने दोन प्रश्न विचारलेच. ‘‘सर, माझं चुकलं कुठे? आणि फोनला पाचच व्होल्ट का लागतात? चार किंवा सहा का नाही?’’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या वेळी धड देता आले नाही. पहिल्याचे देता आले असते, पण पुढची टेबले वाट पाहत होती. आम्ही कागदावर ‘उपकरण पूर्ण वेळ चालत नाही’ असा शेरा लिहिला आणि पुढे गेलो. तो शेरा खरा होता, पण न्याय्य नव्हता. या लेखात त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी सुरुवात मात्र दोनशेहून अधिक वर्षे मागे जाऊन करावी लागेल.

धातूंची उतरंड

इटलीतील पाविया विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त अशी उतरंड रचली, तर तिच्या दोन टोकांमधून वीज सतत वाहते, असे त्या पत्रात सांगितले होते. तोवर माहीत असलेली वीज म्हणजे घर्षणाने साठवायची आणि एका ठिणगीत संपायची. वाहती वीज माणसाच्या हाती प्रथमच आली. पत्र पोहोचल्यावर काही आठवड्यांतच लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी अशीच उतरंड रचून पाण्याचे विघटन करून दाखवले.

या उतरंडीत एक खोट होती. वीज वाहू लागली की धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे जमत आणि धारा झपाट्याने मंदावे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ साली ही खोट काढली. त्यांनी तांबे मोरचुदाच्या द्रावणात ठेवले. त्यामुळे तांब्यावर हायड्रोजनऐवजी तांब्याचाच थर बसू लागला. डॅनियल यांचा घट तासन्तास जवळजवळ एकसारखे विभवांतर देई, म्हणून तारायंत्रांनी तो उचलला. पुढे १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ‘व्होल्ट’ हे एकक मान्य झाले. डॅनियलच्या घटाचे विभवांतर साधारण १.१ व्होल्ट भरते. हा जवळचा मेळ योगायोगाने बसलेला नाही. रोजच्या वापरातल्या घटाच्या आसपास येईल असेच माप मुद्दाम निवडले होते.

फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली जस्त, मँगनीज डायॉक्साइड आणि नवसागराचे द्रावण वापरून नवा घट केला. तो द्रवाचा असल्यामुळे आडवा केला की सांडे. जर्मनीतील कार्ल गास्नर यांनी नवसागरात प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून त्याचा लगदा केला, जस्ताचाच डबा केला आणि १८८६ साली या कोरड्या घटाचे पेटंट घेतले. आपल्या विजेरीतला साधा सेल हा त्याचाच वंशज आहे. खेड्यापाड्यांत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात; पण काटेकोरपणे पाहिले तर एक असतो तो घट आणि अनेक घटांची माळ म्हणजे बॅटरी.

इथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल आणि मोठ्या विजेरीतला जाड सेल यांपैकी जास्त व्होल्ट कोणाचे? बरीच मुले जाड सेलचे नाव घेतात. प्रत्यक्षात दोन्हींचे विभवांतर दीड व्होल्टच असते. जस्त इलेक्ट्रॉन सोडायला किती उत्सुक आहे आणि मँगनीज डायॉक्साइड ते घ्यायला किती उत्सुक आहे, यावर ते ठरते. सेल मोठा केला की पदार्थ जास्त मावतो, म्हणून तो जास्त काळ चालतो. व्होल्ट मात्र वाढत नाहीत. दीड हा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे. तो कोणत्याही कारखान्याला बदलता येत नाही. हवा तर पदार्थ बदलावा लागतो.

फोनची बॅटरी कोणाकडे?

फोन आणि बॅटरी यांची सोबत मोबाइलपासून सुरू झाली असे आपल्याला वाटते. ती त्याहून फार जुनी आहे. सुरुवातीच्या टेलिफोनमध्ये बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्याच घरातल्या घटांतून येई. लेक्लांशे यांचे घट किंवा पुढे कोरडे घट भिंतीवरच्या लाकडी पेटीत बसवलेले असत. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले, तो काळ हाच. घट संपला की आवाज क्षीण होई आणि कंपनीच्या माणसाला येऊन तो बदलावा लागे. ग्राहक वाढले तसे हे काम डोईजड झाले.

१८९० च्या दशकात यावर तोड निघाली. सगळ्यांसाठी एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवायची आणि बोलणे ज्या तारांवरून जाते त्याच तारांवरून वीजही पाठवायची. या बॅटऱ्या शिसे आणि गंधकाम्ल यांच्या होत्या. गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधलेला हा घट पुन्हा पुन्हा प्रभारित करता येतो. त्याचे नैसर्गिक विभवांतर सुमारे दोन व्होल्ट. असे चोवीस घट एकसर जोडले की ४८ व्होल्ट होतात, आणि कालांतराने जगभरच्या एक्स्चेंजांत ४८ हाच आकडा रूढ झाला. लांबच्या तारेतून पुरेशी धारा जावी इतका तो मोठा आहे, आणि तार दुरुस्त करणाऱ्याच्या जिवावर बेतू नये इतका लहानही. ज्यांच्या घरी तारेचा टेलिफोन होता त्यांना आठवत असेल, की घरातली वीज गेली तरी फोन चालू राही. कारण बॅटरी घरात नव्हतीच.

दोन हा निसर्गाचा आकडा आहे आणि ४८ हा माणसांनी सोयीसाठी ठरवलेला. हा फरक लक्षात ठेवू. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे.

पाच कुठून आले?

मोबाइल फोनने बॅटरी पुन्हा ग्राहकाच्या हाती दिली. १९८३ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या मोटोरोलाच्या पहिल्या हातफोनवर जेमतेम अर्धा तास बोलता येई आणि तो पूर्ण प्रभारित व्हायला सुमारे दहा तास लागत. हलका आणि जास्त साठवणारा घट हवा होता. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात लिथियमच्या घटाचा पाया घातला होता. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून विभवांतर चार व्होल्टच्या घरात नेले. आकिरा योशिनो यांनी १९८५ साली धातुरूप लिथियमऐवजी कार्बनयुक्त पदार्थ वापरून घट सुरक्षित केला, आणि १९९१ साली सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

फोनमधला हा घट सरासरी ३.७ व्होल्टच्या आसपास चालतो आणि पूर्ण भरला की बहुधा ४.२ व्होल्टच्या पुढेमागे पोहोचतो. पुन्हा निसर्गाचेच आकडे! यात पाच कुठेच नाही. कोरड्या सेलच्या दीडमध्ये नाही आणि दीडच्या पटीतही नाही. मग तो आला कुठून?

तो संगणकाकडून आला. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९६४ साली ५४०० आणि त्यानंतर १९६६ साली ७४०० या मालिकांचे तर्क-आयसी बाजारात आणले. शून्य आणि एक यांची बेरीज-वजाबाकी करणारे हे आयसी पाच व्होल्टवर चालत. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमधील प्रत्येक जोडावर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. असे काही जोड ओलांडूनही शून्य आणि एक यांतला फरक ठळक राहिला पाहिजे. पण व्होल्ट जास्त घेतले तर आयसी तापतात. पाचवर दोन्ही साधत होते. ही मालिका इतकी खपली, की इतर कंपन्यांनीही आपले आयसी पाच व्होल्टचेच केले. त्यांना अचूक पाच व्होल्ट पुरवण्यासाठी खास आयसी निघाले. बॉब विड्लर यांचा एलएम १०९ हा १९७० च्या सुमाराचा. त्याच्याच पाठोपाठ ७८०५ आला. त्याच्या नावातल्या शेवटच्या ०५ चा अर्थ पाच व्होल्ट.

१९९६ च्या जानेवारीत यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. ते घडवणाऱ्या इंटेलमधील गटात अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते होते. माऊस, कळफलक, प्रिंटर यांना एकच सॉकेट असावे आणि त्यातूनच थोडी वीजही मिळावी, अशी ती कल्पना होती. संगणकात पाच व्होल्ट तयारच होते, तेच सॉकेटमध्ये दिले गेले. जास्तीत जास्त धारा ठरली अर्धा अँपिअर. फोन प्रभारित करणे हा तेव्हा मुख्य हेतू नव्हता. पण प्रत्येक कंपनीच्या फोनची पिन वेगळी असताना घरोघरीच्या संगणकांवर एकसारखी सॉकेटे आली, तेव्हा फोनवाल्यांनी ती वापरायला सुरुवात केली. सुदैवाने पाच हे ४.२ पेक्षा थोडे जास्त आहेत. म्हणून ते थोडे उतरवून फोनमधला घट भरता येतो. आणि हे उतरवण्याचे काम फोनच्या आतलाच एक आयसी करतो. म्हणजे खरा चार्जर फोनमध्येच असतो. भिंतीवरच्या ज्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो तो फक्त पाच व्होल्टचा पुरवठादार आहे.

तर मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की पाच हा निसर्गाचा आकडा नाही; तो एक करार आहे. आधी आयसी बनवणाऱ्यांचा, मग संगणकवाल्यांचा, मग फोनवाल्यांचा.

वरून खाली, की खालून वर?

निसर्गाच्या दीडवरून कराराच्या पाचवर जायचे कसे? घरी चार्जर बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे जास्त व्होल्ट घेऊन पाचवर उतरणे. त्या मुलीने हीच वाट धरली होती. ७८०५ ला आत किमान सात व्होल्ट लागतात, म्हणून नऊची बॅटरी योग्यच होती. पण हा आयसी वरचे चार व्होल्ट उष्णतेच्या रूपाने चक्क उधळतो. धारा अर्धा अँपिअर असेल तर चार गुणिले अर्धा म्हणजे दोन वॅट उष्णता! चटका बसला तो याचाच. दर नऊ भागांतले चार भाग वाया.

दुसरी वाट खालून वर चढण्याची. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले आणि जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली स्वयंप्रवर्तनाविषयी लिहिले. तारेच्या वेटोळ्यातून वाहणारी धारा एकदम तोडली, तर वेटोळे तिला वाहती ठेवण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीत विभवांतर घटापेक्षा कितीतरी वर चढते. या गुणधर्मावर एकोणिसाव्या शतकात रूमकॉर्फ यांच्यासारख्या कारागिरांनी मोठमोठ्या ठिणग्या पाडणारी वेटोळी बनवली. तेच तत्त्व आज नखाएवढ्या वेटोळ्यात वापरतात. आयसी सेकंदाला लाखाहून अधिक वेळा धारा जोडतो आणि तोडतो. दर वेळी चढलेले विभवांतर डायोडमधून कपॅसिटरवर जाते, आणि पाच झाले की आयसी हात आखडता घेतो. लिमोर फ्राइड या अमेरिकी अभियंतीने या शतकाच्या पहिल्या दशकात पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावणारा असा चार्जर बनवला. दोन पेन्सिल सेल, एक वेटोळे, एक आयसी आणि यूएसबी सॉकेट. तिने त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आणि तो पाहून अनेक हौशी लोकांनी घरी तसे चार्जर जोडले. आजच्या बाजारी पॉवर बँकेतही हीच युक्ती आहे, फक्त सेलऐवजी लिथियमचा घट असतो. गंमत अशी, की त्यात ३.७ चे पाच करायचे आणि फोनमध्ये गेल्यावर पाचाचे पुन्हा ३.७ करायचे. पण करार मोडता येत नाही!

आडात किती?

आता पहिला प्रश्न. चूक कुठे झाली? जोडणीत नक्कीच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, एवढेच झाले होते.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उघडली तर आत सहा अगदी लहान सेल मिळतात. चांगल्या अल्कलाइन बॅटरीतही सावकाश काढली तर अर्ध्या अँपिअर-तासाच्या आसपास वीज असते. नऊ गुणिले अर्धा म्हणजे साडेचार वॅट-तास. त्यातले नऊपैकी पाच भागच फोनला मिळणार, म्हणजे अडीच वॅट-तास. आजच्या फोनमधली ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण १९ वॅट-तास साठवते. म्हणजे सगळे उत्तम जमले तरी फोन फार तर एक-अष्टमांश भरेल. आणि ते जमत नाही, कारण या चिमुकल्या सेलांचा अंतर्गत रोध मोठा असतो. जास्त धारा मागितली की विभवांतर कोसळते, सातच्या खाली जाते आणि ७८०५ पाच व्होल्ट देऊ शकत नाही. साध्या स्वस्त बॅटरीत हे काही मिनिटांतच घडते. चार्जिंगची खूण नाहीशी झाली ती याचमुळे.

पेपरमिंटच्या डबीतल्या दोन अल्कलाइन पेन्सिल सेलांत मिळून सुमारे सहा वॅट-तास असतात. फ्राइड यांच्या काळातल्या अनेक फोनच्या बॅटऱ्या तीन-चार वॅट-तासांच्या होत्या, म्हणून तो चार्जर तेव्हा पुरेसा होता. आजच्या फोनला तो पाव भागच भरेल. उपकरण तेच राहिले, फोनची भूक मात्र पाचपट झाली.

शाळेत हे करून पाहायचे असेल तर सहा पेन्सिल सेल एकसर जोडून ७८०५ वापरावा. छापील बाजू आपल्याकडे केली की डावा पाय आत येणाऱ्या धनाचा, मधला सामाईक ऋणाचा आणि उजवा बाहेर जाणाऱ्या पाच व्होल्टचा. आयसीला पत्र्याचा तुकडा जोडावा, म्हणजे उष्णता पसरेल. यूएसबी-ए सॉकेटमधले माहितीचे दोन मधले पाय एकमेकांना जोडावेत. हा चार्जर आहे, संगणक नाही, हे फोनला सांगण्याची ही खूण २००७ पासून चार्जिंगच्या नियमांत आली. फोन जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने पाच व्होल्ट आणि धन-ऋण तपासावेत आणि पहिला प्रयोग जुन्या, टाकाऊ फोनवरच करावा. ९ व्होल्ट थेट फोनला कधीही देऊ नयेत. जुन्या लॅपटॉपमधले सुटे लिथियम घट मात्र मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. आखूड जोड झाला तर ते पेट घेतात.

मुलांना एक हिशेबही घालावा. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये तीन वॅट-तास धरले, तर वीजबिलातल्या एका युनिटसाठी, म्हणजे १,००० वॅट-तासांसाठी, किती सेल लागतील? तीनशेहून अधिक. त्या सेलांची किंमत आणि बिलातला युनिटचा दर शेजारी शेजारी लिहिला, की सेलची वीज अडीअडचणीसाठीच का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

करार बदलतातही. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना यूएसबी-सी सॉकेट सक्तीचे झाले. आता फोन आणि चार्जर आधी पाच व्होल्टवर हातमिळवणी करतात आणि मग आपसांत बोलून नऊ, पंधरा, वीस असे वर चढतात. २०२१ च्या नियमांत यूएसबीची कमाल मर्यादा ४८ व्होल्ट ठेवली गेली. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचाच आकडा! साधारण साठ व्होल्टच्या खाली एकदिश वीज हाताळायला बरीच सुरक्षित मानतात, म्हणून दोन्ही करार स्वतंत्रपणे त्याच सीमेच्या अलीकडे येऊन थांबले.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिच्या चार्जरवर आम्ही मारलेला शेरा आता खोडता येणार नाही. पण यापुढे परीक्षक म्हणून कुठे गेलो आणि एखादे उपकरण मध्येच बंद पडलेले दिसले, तर ‘चालते का?’ एवढ्यावर न थांबता ‘का थांबले असेल?’ हे त्या मुलालाच विचारायचे, असे आम्ही ठरवले आहे. उत्तर देता आले तर गुण त्याचेच द्यावेत.